प्रसादवस्त्रांवरील व घरातील कापडांवरील जुने डाग

श्रीदेवीला अर्पण झालेल्या साड्या, ओटीचे खण, शेले व सोवळी पावणीत घेऊन भाविक ती मोठ्या श्रद्धेने घरी नेतात. त्यांपैकी काही वस्त्रे नेसली जातात, काही मंगलकार्यासाठी राखून ठेवली जातात, तर काही देवघरात आसन वा पडदा म्हणून वापरली जातात. या वस्त्रांवर कुंकू, हळद, तेल, तूप, पंचामृत, समईची काजळी व फुलांचे रंग यांचे डाग असणे स्वाभाविक आहे. ते कसे काढावेत, अशी विचारणा महाजन व भाविकांकडून वारंवार होत असते. घरातील पैठण्या, पूजेची धोतरे, पंक्तीला वापरलेल्या चादरी आणि सतरंज्या यांचा प्रश्नही वेगळा नाही. म्हणून या विषयाची माहिती येथे एकत्रित दिली आहे.

ताज्या डागाविषयी फारसे सांगण्यासारखे नसते. तो टिपून घ्यावा, चोळू नये व थंड पाण्याने धुवावा, एवढे पाळले तरी बहुतेक काम होते. हा लेख मुख्यतः मुरलेल्या डागांविषयी, म्हणजे आठ दिवसांपासून आठ वर्षांपर्यंत कापडात राहिलेल्या डागांविषयी आहे. असे डाग पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. पुष्कळ वेळा मूळ पदार्थाने कापडाचे जेवढे नुकसान केलेले असते, त्याहून अधिक नुकसान त्यावर घाईने केलेल्या पहिल्या उपायाने केलेले असते. म्हणून उपायांच्या यादीपेक्षा उपायांचा क्रम अधिक महत्त्वाचा आहे.

डाग मुरतो म्हणजे काय होते

दूध, दही व अंडे यांसारख्या पदार्थांतील प्रथिने उष्णतेने गोठतात व धाग्याला घट्ट चिकटून बसतात. अशा डागावर प्रथम गरम पाणी ओतणे म्हणजे तो डाग शिजविणे होय. साखर व मध यांचे पाणी वाळले की दिसेनासे होते, परंतु काही महिन्यांनी अथवा इस्त्रीच्या उष्णतेने ते पिवळे-तपकिरी होते. तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होत जाते. समईच्या बुडाशी साचणारा चिकट राप सर्वांनी पाहिलेला आहे. कापडातील जुने तेल त्याच मार्गाने जात असते. चहा, विड्यातील कात, काजूचे बोंड यांतील तुरट द्रव्ये तर मुळातच रंगकामात उपयोगी पडणारी आहेत. ती धाग्यात जाऊन बसली की तो डाग न राहता एक प्रकारचे रंगकामच होऊन जाते.

यावरून इस्त्रीविषयीचा नियम सहज कळेल. डाग गेल्याची खात्री झाल्याशिवाय त्यावर इस्त्री फिरवू नये. ओले असताना डाग दिसत नाही, म्हणून कापड पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पाहावे.

प्रथम कापड ओळखावे

रेशीम व लोकर हे प्राणिज धागे असून त्यांची जात प्रथिनांची आहे. धुण्याचा सोडा, कपडे धुण्याचा तीव्र साबण व क्लोरीनयुक्त ब्लीच यांनी त्यांची हानी होते. ब्लीच तर रेशमाला पिवळे पाडते व अखेरीस विरघळवून टाकते. अन्नाचे डाग काढण्यासाठी हल्लीच्या अनेक धुण्याच्या पावडरींत प्रथिने पचविणारी विकरे घातलेली असतात. सुती कापडावर ती उत्तम काम करतात. परंतु रेशीम हेही प्रथिनच असल्यामुळे विकरे त्यालाही खाऊ लागतात. पाकिटावर ‘एन्झाइम’ असा उल्लेख असेल तर ती पावडर रेशमासाठी व धाबळीसाठी वापरू नये. सुती कापड हे वनस्पतिज असल्याने क्षार सहन करते, मात्र आम्लात फार काळ ठेवले तर कमजोर होते. कृत्रिम धागे पाण्याला व साबणाला दाद देत नाहीत, परंतु तेल धरून ठेवतात आणि गरम इस्त्रीखाली वितळतात.

साडी खऱ्या रेशमाची आहे की रेशमासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम धाग्याची आहे, याबद्दल शंका असल्यास पदराच्या आतील दशीतून एकच धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो व मागे उरलेली काळी राख बोटांनी चुरडते. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो. कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी होते. ही परीक्षा साडीपासून दूर, पाण्याची वाटी जवळ ठेवून करावी.

जरीची बाब स्वतंत्र आहे. जुन्या खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची बारीक तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. पुढे तांब्याच्या तारेची जर आली व आज प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्टीची जर सर्वत्र आढळते. पहिल्या दोन प्रकारांना चिंच, लिंबू, व्हिनेगर व मीठ यांपैकी काहीही लावू नये. देवाची उपकरणी चिंचेने घासली जातात म्हणून जरही तशीच उजळेल असे समजून काठ चोळल्यास मुलामा निघून जातो, आणि तो पुन्हा आणता येत नाही. चांदीची जर काळी पडणे हा मुळात डागच नव्हे. हवेतील गंधकाच्या संयोगाने चांदीवर आलेला तो थर असतो. तो घरी काढण्याच्या फंदात न पडणे इष्ट.

कापड ओळखल्यावर रंग पक्का आहे किंवा नाही ते पाहावे. आतील बाजूच्या एका कोपऱ्यावर जे द्रावण वापरावयाचे त्याचे दोन थेंब टाकून वर पांढरे सुती फडके पाच मिनिटे दाबून धरावे. फडक्याला रंग लागला तर ते द्रावण त्या वस्त्राला वर्ज्य समजावे.

हळद व कुंकू

हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते कर्क्युमिन होय. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात व स्पिरिटात विरघळते. सुती, रेशमी व लोकरी या तिन्ही धाग्यांवर ते तुरटीसारख्या कोणत्याही साहाय्यक द्रव्यावाचून चढते. म्हणूनच हळदीचा डाग नुसत्या पाण्याने हलत नाही. मात्र या रंगाची एक मोठी उणीव आपल्या पथ्यावर पडणारी आहे. उन्हापुढे तो टिकत नाही.

सुती कापडावरील हळदीच्या जुन्या डागासाठी क्रम असा ठेवावा. हळद बहुधा फोडणीतून किंवा तेलातूनच कापडावर आलेली असते. म्हणून प्रथम भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब डागावर पसरून अर्धा तास ठेवावेत व तेल काढावे. साबण लागताच डाग लाल होतो आणि पुष्कळांना तो बिघडला असे वाटते. भिण्याचे कारण नाही. क्षाराच्या सान्निध्यात हळद लाल होते व आम्लाने पुन्हा पिवळी होते. त्यात डाग वाढलेला नसतो. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावे, शेवटच्या पाण्यात थोडा लिंबाचा रस घालावा आणि कापड ओलसर असतानाच कडक उन्हात पसरावे. वाळल्यावर पुन्हा ओले करून पसरावे. दोन ते चार दिवसांत पांढऱ्या सुती कापडावरील डाग बहुधा दिसेनासा होतो. ब्लीचची आवश्यकता फार क्वचित पडते.

रेशमाची अडचण अशी की हळद घालविणारे ऊनच रेशीमही जीर्ण करते व त्याचा रंग उडविते. येथे तडजोड करावी लागते. डागापुरती खिडकी कापलेला जाड पुठ्ठा साडीवर ठेवावा, म्हणजे बाकीचा भाग झाकला जाईल. साडी उलट्या बाजूने पसरून सकाळच्या उन्हात पंधरा-वीस मिनिटेच ठेवावी, आणि असे काही दिवस करावे. गडद रंगाच्या रेशमावर याने डागाच्या ठिकाणी फिकट ठिपका उरण्याचा संभव आहे. त्यापेक्षा पिवळट छटा सोसावी, असे आमचे मत आहे.

कुंकवाचे मूळ हळदच आहे. परंपरेने ते हळदीवर चुना किंवा अन्य क्षार यांची प्रक्रिया करून तयार करीत. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कुंकवात मात्र कृत्रिम रंग असतात. आपल्या वस्त्रावरील कुंकू कोणते, हे पाहण्यासाठी (जरीपासून दूर) डागाच्या कडेला लिंबाच्या रसाचा एक थेंब लावावा. लाल रंग पिवळा पडू लागला तर ते हळद-चुन्याचे कुंकू आहे व त्यास हळदीचेच उपाय लागू पडतात. तांबडा रंग तसाच राहून आजूबाजूला पसरू लागला तर तो कृत्रिम रंग समजावा व पाणी लावणे तत्काळ थांबवावे.

कोणतेही कुंकू असो, पहिला उपाय कोरडाच हवा. वस्त्र उलटे धरून मागून हलकेच झटकावे, मऊ कुंचल्याने उरलेली पूड खाली पाडावी. पुडीचा प्रत्येक कण पाणी लागताच स्वतःचा एक नवा डाग निर्माण करतो. सर्व पूड निघाल्यावरच डागाखाली पांढऱ्या फडक्याची घडी ठेवून, वरून सर्जिकल स्पिरिटात भिजविलेल्या कापसाने कडेपासून मध्याकडे टिपावे. खालच्या फडक्यावर रंग उतरत जाईल. फडके पुढे सरकवीत राहावे. स्पिरिट ज्वालाग्राही आहे. हे काम देवघरात, समई तेवत असताना कदापि करू नये.

शेंदराबद्दल एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड असून ते विषारी आहे. श्रीगणपती व श्रीमारुती यांच्या मूर्तींना लावण्यासाठी तो तेलात कालवला जातो, आणि हे मिश्रण वाळल्यावर तैलरंगाप्रमाणे कठीण होते. शेंदूर लागलेले वस्त्र झटकू नये, तोंडाजवळ नेऊ नये, इतर कपड्यांसोबत धुऊ नये व लहान मुलांच्या हाती देऊ नये. जुना शेंदराचा डाग घरी निघत नाही. त्यासाठी कापड खरवडू नये.

तेल, तूप व काजळी

आरतीच्या वेळी पदरावर सांडलेले तूप आणि समईतील तेलाचा ओघळ हे प्रसादवस्त्रांवर सर्वाधिक आढळणारे डाग होत. डाग काही दिवसांचाच असेल तर शंखजिऱ्याची पूड जाड थरात पसरून वर स्वच्छ कागद व वजन ठेवून रात्रभर राहू द्यावे. सकाळी पूड झटकून पुन्हा नवीन पूड लावावी. तीन-चार वेळा असे केल्यास आश्चर्य वाटण्याइतके तेल निघते. शंखजिऱ्याऐवजी बेसन किंवा तांदळाची पिठी वापरण्याची पद्धत काही घरांत आहे. पीठ तेल शोषते हे खरे, परंतु विणीत अडकलेला त्याचा अंश कसरीला आमंत्रण देतो.

यानंतर रेशमासाठी रिठ्याचे पाणी वापरावे. दहा-बारा रिठ्यांची बिया काढलेली साले एक लीटर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी कुसकरून गाळून घ्यावीत आणि तेवढेच साधे पाणी त्यात मिसळावे. वस्त्र त्यात बुचकळून हलकेच दाबावे. पिळू नये, आपटू नये, ब्रशने घासू नये. फिकट रेशमावर रिठ्याच्या पाण्याची तपकिरी झाक राहू शकते, म्हणून ते दोनदा गाळावे व शेवटी भरपूर स्वच्छ पाण्यातून काढावे. बाजारात मिळणारा सौम्य, विकररहित द्रव साबणही चालतो.

वर्ष-दोन वर्षांच्या तेलाच्या डागाला पिवळी कड आलेली असते. तेथे शंखजिरे निरुपयोगी ठरते, कारण शोषून घेण्यासारखे पातळ तेल उरलेलेच नसते. सुती कापड असेल तर डागावर थोडे ग्लिसरीन चोळून काही तास ठेवावे, म्हणजे घट्ट झालेला थर मऊ पडतो. मग भांड्यांचा द्रव साबण लावून, पांढरे सुती असल्यास धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवावे. रेशमी साडी असेल तर ती ड्रायक्लीनिंगला द्यावी. या पद्धतीत पाण्याऐवजी तेल विरघळविणारे द्रावक वापरतात, त्यामुळे तेलकट डागांवर तिचा गुण येतो. हेच काम घरी पेट्रोल किंवा रॉकेल वापरून करण्याचा प्रयत्न काही जण करतात. त्यातील आगीचा धोका लक्षात घेता तो प्रयत्न करू नये.

ड्रायक्लीनिंगवाल्यास डाग कशाचा आहे हे अवश्य सांगावे. द्रावकाने तेल जाते, साखर जात नाही. पंचामृताचा डाग तेलाचा समजून दिला गेला तर तूप तेवढे निघते, मध-साखर आत राहते आणि शेवटच्या गरम इस्त्रीने ती कायमची तपकिरी होते. अशा रीतीने बिघडलेल्या साड्या पाहण्यात येतात व दोष कारागिरास दिला जातो; माहिती न देणाऱ्या गिऱ्हाईकाचाही त्यात वाटा असतो.

काजळी म्हणजे अत्यंत बारीक कोळसा. तिला बोटाने पुसू नये, पाणी तर मुळीच लावू नये. वस्त्र उभे धरून मागून टिचक्या माराव्यात, मग शंखजिरे भुरभुरून मऊ कुंचल्याने झटकावे, आणि पांढरी पूड काळी होईनाशी होईपर्यंत हेच करावे. मेणबत्तीचे मेण मात्र सोपे आहे. बर्फाने ते कडक करून उचकटावे, उरलेल्या भागाच्या वर-खाली टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. इस्त्रीविषयी आधी सांगितलेल्या नियमाला हा एकच अपवाद.

पंचामृत, नैवेद्य व न दिसणारे डाग

पंचामृतात दूध, दही, तूप, मध व साखर हे पाचही पदार्थ असल्याने त्याच्या डागात प्रथिने, स्निग्धांश व साखर हे तिन्ही प्रकार एकत्र येतात. क्रम चुकला की काम अडते. प्रथम थंड पाण्यात अर्धा तास ठेवून साखर व मध काढावेत, नंतर दूध-दह्यासाठी सुती कापडास विकरयुक्त पावडर आणि रेशमास रिठ्याचे पाणी वापरावे, तूप शेवटी. गरम पाणी प्रथम घातल्यास दूध गोठते व तूप त्यात अडकून राहते.

प्रसादवस्त्राच्या बाबतीत फसगत होते ती येथेच. पावणीत घेतलेली साडी स्वच्छ दिसते, म्हणून ती तशीच घडी करून ट्रंकेत जाते. तीर्थाचे, नारळाच्या पाण्याचे व अभिषेकाचे थेंब तिच्यावर उडालेले असतात, परंतु ते दिसत नाहीत. चार-सहा महिन्यांनी घडी उलगडल्यावर पिवळसर ठिपक्यांची ओळ दिसते, किंवा तेवढ्याच जागी कसर लागलेली आढळते. म्हणून सुती किंवा कृत्रिम धाग्याचे प्रसादवस्त्र घरी नेल्यावर आठवड्याच्या आत साध्या थंड पाण्यातून काढावे. रेशमी वस्त्र उजेडासमोर धरून तपासावे. पाण्याचे थेंब पडलेल्या जागी वीण किंचित कडक लागते, ती हाताला समजते. रंग पक्का असल्याची परीक्षा करून तेवढा भाग, अथवा संपूर्ण वस्त्र, थंड पाण्याने धुवावे.

गंध, गुलाल व फुले

उगाळलेले चंदन वाळू द्यावे व कुंचल्याने झाडावे. उरलेली झाक साध्या पाण्याने जाते. केशराचा रंग पाण्यात विरघळणारा असल्याने अष्टगंधातील केशराला थंड पाणी पुरते. गुलाल व बुक्का यांना कुंकवाप्रमाणे कोरडाच उपाय प्रथम करावा. फुलांचे पराग ओल्या हाताने न पुसता चिकटपट्टीने उचलून घ्यावेत. प्राजक्ताच्या केशरी देठांपासून पूर्वी रेशीम रंगविण्याचा रंग काढीत असत, त्यामुळे प्राजक्ताच्या माळेखाली राहिलेल्या पांढऱ्या वस्त्रावर केशरी ठसे उमटले तर नवल नाही.

केळीचा चीक, बोंडू आणि बिब्बा

मखराच्या सजावटीसाठी केळीची गाभे व पाने हाताळताना लागलेला चीक आरंभी पाण्यासारखा असतो व हवेने काही तासांत काळा पडतो. तो काळा होण्यापूर्वी भरपूर थंड पाण्याने धुतला तरच जातो. काळा झाल्यावर तो डाग म्हणजे पक्का रंगच समजावा. पांढऱ्या सुती कापडावर हायड्रोजन पेरॉक्साइडने काही अंशी फिका होतो, रंगीत कापडावर त्याला उपाय नाही. सेवेकऱ्यांनी सजावटीच्या दिवशी जुने कपडे घालावेत ही रीत गोव्यातील घराघरांत आहे, आणि तीच सर्वांत खात्रीची आहे. फणसाचा चीक याहून निराळा. तो रबरासारखा असतो. त्याला पाणी न लावता खोबरेल चोळून सैल करावे आणि मग ते तेल साबणाने काढावे.

काजूच्या बोंडूचा रस प्रथम रंगहीन दिसतो व नंतर तपकिरी होतो. अशा तुरट डागांवर, म्हणजे चहा, कात व बोंडू यांवर, वडीचा साबण घासू नये. त्याने ते अधिक पक्के होतात. थंड पाणी, मग पातळ केलेले व्हिनेगर (एक भागास चार भाग पाणी), मग द्रव डिटर्जंट, असा क्रम सुती कापडावर ठेवावा.

बिब्ब्याचा डाग तर कोणत्याही उपायाने जात नाही. त्याचा हा गुण ओळखूनच परीट लोक पिढ्यान्‌पिढ्या बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत आले. इंग्रजीतही त्याला ‘मार्किंग नट’ म्हणतात. जुन्या सतरंजीच्या कोपऱ्यावर अशी काळी खूण आढळली तर ती काढण्याचा प्रयत्न करू नये.

गंज व बुरशी

ओटीच्या साडीला टोचलेली टाचणी विसरली जाते व पावसाळ्यानंतर तेथे तांबूस ठिपका उरतो. गंजावर क्लोरीनचे ब्लीच लावल्यास तो अधिक पक्का होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पांढऱ्या सुती कापडावर लिंबाचा रस व मीठ लावून तासभर उन्हात ठेवावे आणि स्वच्छ धुवावे. जुन्या गंजासाठी ऑक्झॅलिक आम्ल गुणकारी आहे. परंतु ते विषारी असून हातमोजे घातल्याशिवाय हाताळू नये, आणि रेशीम व जर यांना त्याचा स्पर्श होऊ देऊ नये.

कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातील वस्त्रांवर बुरशी येणे टाळणे कठीण आहे. पांढरी भुरी असेल तर ती वरवरची असते. वस्त्र घराबाहेर नेऊन कोरड्या कुंचल्याने झाडावे व वारा द्यावा; ही पूड श्वासावाटे जाऊ नये म्हणून नाकाला फडके बांधावे. काळे ठिपके मात्र बुरशीने धाग्यात सोडलेला रंग असतो. पांढऱ्या सुती कापडावर औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येते. ते सहा टक्क्यांचे असल्यास तेवढेच पाणी मिसळून तीन टक्के करावे. रंगीत रेशमावरील काळ्या ठिपक्यांना घरगुती उपाय नाही.

सोवळे

रेशमी सोवळे, कद, मुगटा व लोकरीची धाबळी ही वारंवार न धुता वापरण्याची रूढी आहे. तिच्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु घामातील क्षार व आम्ले रेशमाला कमजोर करतात, आणि कमरेच्या व काखेच्या जागी पडणारे पिवळट कडक पट्टे हे त्याचेच चिन्ह होय. ते पट्टे जुने झाल्यावर धुऊन जात नाहीत. धुताना त्या जागी वस्त्र फाटते. पूजा झाल्यावर सोवळे तत्काळ घडी न करता सावलीत दांडीवर वाळवावे, आणि पंधरा दिवसांतून एकदा सोवळ्यातच, साध्या थंड पाण्यातून काढून वाळत घालावे. त्यात आचाराला बाध येत नाही आणि वस्त्र अनेक वर्षे टिकते.

ब्लीच व आम्ल एकत्र करू नये

एका उपायाने डाग गेला नाही म्हणजे त्यावर लगेच दुसरा ओतण्याची प्रवृत्ती असते. क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा फरशी धुण्याचे आम्ल मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. दोन उपायांच्या मध्ये वस्त्र भरपूर पाण्याने धुवावे व शक्यतो एक दिवस जाऊ द्यावा.

केव्हा थांबावे

धाग्याचे केस उभे राहू लागले, मूळ रंग फडक्यावर उतरू लागला, किंवा विणीत फटी दिसू लागल्या की डाग तसाच सोडून द्यावा. डाग असलेली साडी नेसता येते. भोक पडलेली नेसता येत नाही. आजीच्या किंवा आईच्या जुन्या पैठणीच्या बाबतीत तर आरंभीच हा विचार करावा. पन्नास-साठ वर्षांचे रेशीम ओले झाल्यावर स्वतःच्या भारानेही घडीवर चिरते. अशा वस्त्रावर घरी प्रयोग न करता ते कोरडेच ठेवावे, अथवा जुन्या वस्त्रांचे काम जाणणाऱ्या रफूगरास दाखवावे.

काही भाविक श्रीदेवीच्या चरणाचे कुंकू साडीवर जसेच्या तसे राहू देतात. त्यांचीही भावना योग्यच आहे. फक्त ते कुंकू झटकून घ्यावे व त्या जागी पातळ मलमलीचा तुकडा ठेवून घडी करावी, म्हणजे रंग दुसऱ्या पदरावर उतरणार नाही.

ठेवण व अर्पण करण्याविषयी

वस्त्र पूर्ण कोरडे करून, खळ न घालता, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. दर तीन महिन्यांनी घडी उलगडून निराळ्या रेषेवर घालावी. डांबराच्या गोळ्या व कापूर एकत्र ठेवू नयेत. दोन्ही परस्परांच्या संपर्काने पाझरतात व त्याचे तेलकट डाग पडतात. यांपैकी जे वापरावयाचे ते कापडी पुरचुंडीत बांधून, जरीला लागणार नाही असे ठेवावे.

श्रीदेवीस साडी अर्पण करणाऱ्या भाविकांना विनंती आहे की साडीवरील टाचण्या, धातूच्या क्लिपा व किमतीची चिकटपट्टी घरीच काढून आणावी. नाव लिहावयाचे असल्यास ते साडीवर न लिहिता वेगळ्या कागदावर लिहून ओटीच्या ताटात ठेवावे. नारळ फोडलेला असल्यास त्याचे पाणी साडीवर सांडणार नाही अशा बेताने तो स्वतंत्र द्रोणात आणावा.